झिऱ्याचा नारळ

आमच्या खोऱ्यात नदी होती, पण आम्ही तिला वाळूच म्हणायचो. "कुठं चाललास?" "वाळूत." असं बोलणं. पावसाळ्यात दोन-अडीच महिने ती वाहायची, दिवाळीला डबकी राहायची आणि संक्रांत झाली की कोरडी ठाक. मी सांगतो ते साल दुसरी लढाई लागायच्या चार-पाच वर्षं आधीचं. मी वीस-एकवीस वर्षांचा होतो आणि लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं.

बायको जाऊन आता चार महिने झाले. तिच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आले, बसले, चहा पिऊन गेले. मला चांगलं बोलायचं नाही. एक गोष्ट तिच्यासमोर माझ्याच्यानं कधी बोलवली नाही, ती लिहायची आहे. शाळा दुसरीपर्यंत झाली, तेव्हा चुकेल तिथं चुकेल.

खोरं पन्हळीसारखं लांबट. दोन्ही अंगांना चांदवडाकडून उतरत आलेले उघडे डोंगर, त्यांच्यावर गवतसुद्धा भीतभीतच उगवायचं. वरच्या तोंडाला एक गाव, खालच्या तोंडाला एक, आणि मध्ये आम्ही. वाळूत आमच्या गावापुढं एक मोठा काळा खडक होता, त्याला हत्ती म्हणायचे. त्याच्या पलीकडं वाळूतच महादेवाचं छोटं देऊळ. पूर येऊन गेला की देवळाच्या किती पायऱ्या वाळूखाली गेल्या ते बघायचं आणि त्यावरून यंदा झिरा कुठं खणायचा ते ठरवायचं. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा. कंबरभर, कधी पुरुषभर खणलं की तळाशी पाणी झिरपतं, ते वाटी-वाटीनं भरायचं. उन्हाळाभर गाव त्यावर जगायचं. गावकुसाबाहेरच्या लोकांचा झिरा खालच्या अंगाला वेगळा असायचा. तेव्हा तसंच होतं, आणि त्याची लाज मला फार उशिरा वाटली.

दक्षिणेला डोंगरात एक खिंड होती. खिंडीच्या माथ्यावर शेंदूर फासलेला दगड, ती आमच्या गावाची शीव. आकाश स्वच्छ असलं की तिथून खाली लांबवर हिरवी दोरी टाकल्यासारखी दिसायची. ती गंगा. बाहेरचे गोदावरी म्हणतात, आम्ही गंगाच म्हणतो. त्या दोरीवर सायखेडा, आणि सायखेडा हे तिचं माहेर. खिंडीतून आठ-नऊ कोस.

तिच्या माहेरी उन्हाळ्यात नदीच्या वाळूत वाड्या करायचे. काकडी, टरबूज. तिचं लहानपण सगळं वाळूत गेलेलं, पण त्या वाळूला लागून पाणी होतं. आमच्याकडं आली त्याच आठवड्यात तिनं भांडी घासली आणि भांड्यातलं पाणी सहज अंगणात भिरकावलं. शेजारीण धावत आली.

"अगं बये, काय केलंस? ते म्हशीला पाजायचं अस्तं!"

"घासलेलं पाणी म्हशीला?"

"म्हशीला, न्हायतर भोपळ्याच्या वेलाला. तुझ्या माहेरी गंगा हाय, हितं नुसती तिची आठवन हाय."

त्या दिवसापासून तिनं पाणी फेकलं नाही. चूळसुद्धा वेलाच्या बुडाशी भरायची. पण रात्री मला म्हणायची, "अवं, हितं घशाला कोरड पडती. पानी प्यालं तरी पडती." मी तिला वचन दिलं होतं. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तुला माहेरी नेतो. आखाजीला आमच्याकडं सगळ्या सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात. तिकडं गेल्यावर तुझ्या भावाशी बोलतो, वाट्यानं एखादी वाडी मिळते का बघतो. मिळाली की हे खोरं सोडायचं. मलाही सोडायचंच होतं. माझे आईबाप गेलेले होते, चुलत्यानं वाढवलेलं. मला तिथं काय होतं? चार बिघे मुरूम.

तिची आई हिवाळ्यापासून खोकत होती. तेही ती मला सांगत होती. मी ऐकत होतो, म्हणजे कानावर येत होतं.

आता आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिमगा झाला की झिरा उघडायचा. उघडताना नारळ फोडायचा मान एका जोडप्याला. नवऱ्यानं नारळ फोडायचा, बायकोनं पहिलं पाणी काढून वाळूवर ओतायचं. त्याच नारळाच्या करवंटीनं मग उन्हाळाभर तिनं सगळ्या गावाच्या घागरी भरायच्या. नवऱ्यानं रोज पहाटे गाळ काढायचा, ढासळलेली वाळू सावरायची. आणि नदीला नवं पाणी येईपर्यंत त्या दोघांनी शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर पाणी त्यांच्या मागं जातं. हा मान होता, पण फार जणांना नको असायचा. म्हणून गावातला मोठा माणूस आधी तीनदा विचारायचा, काही अडचण आहे का. पोटात पोर असेल, घरात कुणी आजारी असेल, माहेरी जायचं असेल, काहीही चालायचं. एकदा 'हाय' म्हटलं की सुटका. कुणी रागवायचं नाही. दुसरं जोडपं बघायचे.

त्या साली माझ्या चुलत्यानं, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, नेहमीप्रमाणे देवळाच्या खाली जागा दाखवली. आम्ही चौघं खणत गेलो. छातीइतकं खणलं तरी वाळू कोरडी. दुसरी जागा घेतली. तीही कोरडी. सगळं गाव भोवती उभं. बायकांनी पदर तोंडाला लावलेले. तेव्हा माझी बायको माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "हत्तीच्या वरल्या अंगाला बघा. खडकानं पानी अडवलं आसंल. आमच्या वाडीत तसंच अस्तं."

मी ते मोठ्यानं सांगितलं, पण तिनं सांगितलं असंच सांगितलं, एवढं तरी माझ्या पदरी टाका. तात्या हसले. "सूनबाई, तुझ्या गंगेवरची अक्कल हितं चालंल का?" पण फावडं त्यांनीच आधी मारलं. मांडीइतकं खणलं आणि वाळू काळी झाली. कंबरेइतकं खणलं आणि पाणी चमकलं. एक म्हातारा तिथंच खाली बसला आणि ओल्या वाळूचा गोळा करून त्यानं तो कपाळाला लावला.

मग सगळे ओरडायला लागले, नारळ याच जोडप्याचा. माझ्या पाठीवर थापा पडायला लागल्या. आजवर मला त्या गावात कुणी मोजलं नव्हतं. पोरका पुतण्या, तात्यांच्या ताटातलं खाणारा. त्या दिवशी पहिल्यांदा माणसं माझ्याकडं बघत होती.

तात्यांनी नारळ हातात घेतला. "पोरा, काही अडचन?"

"न्हाय."

"नीट बघ. काही अडचन?"

बायको माझ्याकडं बघत होती. तिला बोलता येत नव्हतं, रीत नवऱ्याला विचारायची होती. तिच्या बघण्यात आखाजी होती, तिची खोकणारी आई होती, वाट्याची वाडी होती. मला दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही.

"न्हाय, तात्या."

"तिसऱ्यांदा इचारतो. काही अडचन?"

"काय पन न्हाय. आना तो नारळ."

मी फोडला. एका फटक्यात दोन सारख्या वाट्या झाल्या. लोकांना तेही शुभ वाटलं. तिनं खाली उतरून करवंटीत पाणी घेतलं आणि वाळूवर ओतलं.  घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "झोक्याचा दोर मी काढून ठिवला व्हता. आता तो गाळ वडायला घ्या."

त्या उन्हाळ्यात मी किती वाळू उपसली ते माझ्या खांद्याला माहीत. वाळू आत ढासळते म्हणून बूड काढलेली टोपली झिऱ्यात बसवायची, तिच्या भोवती निरगुडीच्या फांद्या कोंबायच्या. पाणी खाली जाईल तसतशी टोपली खाली न्यायची. ती त्या खड्ड्यात उकिडवी बसायची आणि करवंटीनं भरायची. घागर भरेस्तोवर खाली पाणी संपायचं. मग थांबायचं, तळ भरू द्यायचा, पुन्हा भरायचं. वर बायकांची रांग. वरून बघितलं की तिचा फक्त डोक्यावरचा पदर दिसायचा. चैत्र गेला तेव्हा खड्डा तिच्या डोक्याच्या वर गेला होता आणि मी तिला हात देऊन वर काढायचो. डोंगरात अडकलेल्या खोऱ्यात खड्डा, आणि खड्ड्यात ती. मला तेव्हा असलं काही सुचलं नव्हतं. आता नाशकात गंगापूर रोडला मुलाच्या घरी नळ सोडला की सुचतं.

आखाजीला गावातल्या सगळ्या सुना माहेरी गेल्या आणि इथल्या लेकी इकडं आल्या. चिंचेला झोके लागले. तिनं त्या दिवशी झिऱ्यातून वर यायला नकार दिला. मी म्हटलं, रांग संपली, ये. म्हणाली, "हितं गार हाय. बसू द्या."

आखाजी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. पिंजारी चाचा आला. तो मुसलमान पिंजारी दर उन्हाळ्यात धनुकली खांद्याला लावून खोऱ्यातून गावोगाव फिरायचा, गाद्यांचा कापूस पिंजायचा. सायखेडा, विंचूर, चांदवड, सगळीकडं त्याची घरं. निरोप पोचवायचे तर त्याच्याच हाती. तो सरळ वाळूत आला आणि झिऱ्याच्या काठावर बसला. खड्ड्यात वाकून म्हणाला,

"बेटी, तुझी माय लय बिमार हाय. पंधरा दिवस झाले, उठत नाय. तुझंच नाव घेती. मला म्हणली, लेकीला घिऊनच ये."

 खालून करवंटी पाण्यात बुडाल्याचा तेवढा आवाज आला. घागर भरली. तिनं ती वर दिली. मग पुढची घागर मागितली.

मी तात्यांकडं गेलो. रांगेतल्या बायका आणि झाडाखालचे पुरुष सगळे ऐकत होते.

"तात्या, हिची आई मरायला टेकलीय. चार दिवस जाऊन येतो."

तात्यांनी विडी वाळूत विझवली. मग म्हणाले, "मी तीनदा इचारलं व्हतं."

"व्हय."

"तेव्हा म्हातारी खोकत व्हती का न्हवती?"

"व्हती."

"मंग?"

 पिंजारी चाचा मध्येच बोलला, "अरे तात्या, पानी काय ह्या पोरांच्या पायाला बांधलंय का? बांधता आलं असतं तर मी माझ्याच पायाला बांधलं असतं, गावोगाव विकत फिरलो असतो."

दोघं-तिघं हसले. तात्यापण हसले, पण मान हलवत. "चाचा, तुझं खरं. मी ल्हान असताना एक जोडपं गेलं व्हतं. त्यांच्या मागं चौथ्या दिवशी झिरा बसला, पानी गेलं. ते गेले म्हनून बसला का बसनारच व्हता, मला म्हाईत न्हाय. पन माझ्या बापानं दोन बैल त्या साली गमावले आनि मरस्तोवर त्या जोडप्याच्या घरचं पानी पेला न्हाय." मग माझ्याकडं वळले. "मी तुला दोर लावलाय का? जा. पन ह्या बायांना सांगून जा. एकेकीच्या तोंडाकडं बघून सांग."

मी रांगेकडं बघितलं. पहिल्याच बाईच्या कडेवर पोर होतं, ओठ फुटलेलं.  ती काही म्हणाली असती, भांडली असती तर मी गेलो असतो. मला रागाच्या भरात निघता आलं असतं. ती नुसती घागर धरून उभी होती.

 कुणी अडवलं नव्हतं आणि माझे पाय हलत नव्हते. लोक म्हणतात गावानं बांधून ठेवलं. गावानं नाही. ज्या थापा माझ्या पाठीवर पडल्या होत्या त्या मला परत द्यायच्या नव्हत्या, एवढंच.

तिला मी हात देऊन वर काढलं. सगळं ऐकलं होतं तिनं. म्हणाली, "मी येकली जाते. नारळ तुमी फोडला."

"पहिलं पानी तू वतलंस," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग घरी गेली. येताना दुधी भोपळ्याचा वाळवलेला तुंबा घेऊन आली. झिऱ्यात उतरली, तो भरला, तोंडाला फडकं बांधलं आणि चाचाच्या हातात दिला.

चाचा चक्रावला. "गंगेच्या काठी पानी नेऊ? बेटी, लोग मला पागल म्हणतील."

"म्हनू द्या. आईला सांगा, लेकीनं वाळूतनं उपसलंय. ती म्हनायची, त्या कोरड्या गावात तुला पानी कोन पाजंल. तिला म्हनावं, हितं मीच समद्यांना पाजते."

रांगेतून एकजण पुटपुटली, "पिंजाऱ्याच्या हातचं पानी मरत्या बाईला चालंल का गं?"

ती गर्रकन वळली. "त्याच्या हातच्या गादीवर जलमभर निजता, तवा चालतं ना?"



चाचाला पोचवायला आम्ही दोघं खिंडीपर्यंत गेलो. तेवढं चालत होतं, दगडापर्यंत शिवेच्या आतच होतं. उन्हं कलली होती. चाचा दगडापाशी थांबला, आमच्याकडं बघितलं, तुंबा धनुकलीच्या टोकाला अडकवला आणि पलीकडं उतरला. ती दगडाला लागून उभी राहिली. त्या दिवशी धूळ होती, तरी हिरवी दोरी दिसत होती. ती तिकडं बघत होती आणि मी तिच्या पायांकडं. तिच्या पायाची बोटं शेंदरी दगडाच्या रेषेला टेकली होती.

मी तिचा पदर धरला.

ती पडू नये म्हणून धरला असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ती पडणार नव्हती. तिनं मागं न बघता म्हटलं, "सोडा. मी कुटं चालले?"

मी सोडला नाही. चाचा दिसेनासा होईपर्यंत धरून उभा होतो.

त्यानंतर महिना गेला. झिरा पुरुषभराच्याही खाली गेला. पाणी गढूळ, खारट. पण आटला नाही. कधी कधी पहाटे गाळ काढताना मी मनात म्हणायचो, आट की मेल्या. आटला असता तर आम्ही सुटलो असतो. दुसऱ्या क्षणी टोपली खाली दाबायचो, वाळू सावरायचो. त्या महिन्यात ती माझ्याशी वाकडं बोलली नाही. भाकरी वेळेवर, पाणी वेळेवर. निरोप आला नाही. चाचा त्या बाजूलाच राहिला होता.

नदी आली ती आमच्याकडं थेंब नसताना आली. वरच्या डोंगरात कुठं कोसळलं असेल. दुपारी वरच्या गावाकडून आरोळी आली आणि मग वाळूवरून तपकिरी फेस सरपटत आला, काटक्या, शेण, मेलेला सरडा पुढं ढकलत. हत्तीच्या दोन्ही अंगांनी वळला आणि झिऱ्यात पडला. इतक्या महिन्यांचा आमचा खड्डा दोन चुळांत भरला. गाव नाचत होतं. मी तिला शोधायला लागलो.

ती खिंडीच्या वाटेला लागली होती. डोक्यावर काही नाही, हातात काही नाही. मी धावत गाठलं. ती थांबली नाही, शिवेच्या दगडाकडं बघितलंसुद्धा नाही. रात्र एका वस्तीच्या ओसरीवर काढली आणि दुसऱ्या दिवशी सायखेड्याला पोचलो.

तिची आई जाऊन अकरा दिवस झाले होते. दारात भावजय होती. तिनं हिला मिठी मारली आणि रडायला लागली. ही रडली नाही. घरात खुंटीला तुंबा टांगला होता, रिकामा.

"प्याली का?" हिनं विचारलं.

"दोन घोट," भावजय म्हणाली. "लय दिवस ठिवलं व्हतं उशाला. म्हनली, खारट हाय, पन माझ्या पोरीनं काढलंय. सारकी इचारायची, तिला कुनी अडवलंय का? आमी म्हनलं, न्हाय, नदी आली का यील."

त्यावर ही माझ्याकडं बघेल असं वाटलं. तिनं बघितलं नाही.

भावानं स्वतःहून विषय काढला. गंगेवर एक वाडी वाट्यानं मिळत होती, यंदाच. मी लगेच हो म्हणणार होतो. तिनं मला बोलू दिलं नाही. "नको दादा. आमचं गाव तिकडं हाय." परतताना मी विचारलं, का? म्हणाली, "आता हितं कुनासाठी यायचं?" आणि आम्ही त्या खोऱ्यात आणखी चाळीस वर्षं काढली. मी पुष्कळदा म्हटलं, चल सोडू. ती म्हणायची, "तुमी जा. मी कुटं चालले?" अगदी खिंडीत म्हणाली होती तशी. पोरगा नाशिकला नोकरीला लागला, त्यानं आम्हांला उचलून आणलं, तेव्हा कुठं सुटलो. सुटलो म्हणायचं.

त्या सालापासून मला एक खोड लागली. तिला काहीही विचारायचं तर तीनदा. चहा घेतेस? घेतेस ना? घेतेस का गं? मुलांची लग्नं, बैल विकायचा, डोळ्याचं ऑपरेशन, सगळं तीनदा. ती वैतागायची. सूनबाईला म्हणायची, "ह्यांना वाटतं मी बहिरी हाय." शेवटच्या आजारातही मी उशाशी बसून विचारायचो, पाणी देऊ? देऊ पाणी? आणि ती डोळे मिटूनच म्हणायची, "एकदा इचारलं तरी चालतंय."

त्या दिवशी वाळूत, नारळ हातात घेण्याआधी, तुला काही अडचण आहे का, हे मी तिला विचारलं नाही. नंतरही नाही. पन्नास वर्षं एका घरात होतो, एकदाही नाही.